उंदराचें यकृत आणि माणसाचा कर्करोग

मनुष्याच्या शरीरांत यकृतासारखा सोशिक अवयव दुसरा क्वचितच असेल. पोटाच्या उजव्या बाजूस, बरगड्यांच्या आड, सुमारें दीड किलो वजनाचें हें यकृत रात्रंदिवस काम करीत असतें. अन्नरसाची वाटणी करावी, साखर सांठवावी आणि लागेल तशी रक्तांत सोडावी, पित्त तयार करावें, विषारी द्रव्यें निरुपद्रवी करावीं, अशीं कितीतरी कामें त्याच्याकडे आहेत. दांत ठणकून सांगतो, हृदय धडधडून सांगतें. यकृत मात्र बरेंचसें निकामी होईपर्यंत बहुधा गप्प राहतें. आजच्या विषयाचें मर्म ह्या गप्प राहण्यांतच आहे.

श्रोतेहो, 'फॅटी लिव्हर' हा शब्द आतां शहरांतील बहुतेक घरांत परिचित झाला आहे. दुसऱ्याच कांहीं कारणानें पोटाची सोनोग्राफी करावी आणि अहवालाच्या एका ओळींत हा शब्द यावा, असें पुष्कळांच्या बाबतींत घडतें. यकृताच्या शंभर पेशींपैकीं निदान पांच पेशींत चरबीचे थेंब सांठलेले आढळले, म्हणजे वैद्यकशास्त्र त्यास चरबीयुक्त यकृत म्हणतें. दारूमुळें असें होतें, हें फार पूर्वींपासून ठाऊक होतें. परंतु दारूचें व्यसन नसलेल्या माणसांच्या यकृताचीही तीच दशा होते, ह्याकडे १९८० सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकच्या युर्गन लुडविग ह्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं लक्ष वेधलें. त्यांनीं वीस रुग्णांची हकीगत प्रसिद्ध केली आणि तोंवर निनांवी असलेल्या ह्या विकारास नांव दिलें. २०२३ सालीं तें नांव बदलण्यांत आलें. नव्या नांवांत 'दारूवांचून होणारा' ह्या शब्दांऐवजीं शरीराच्या चयापचयांतील बिघाडावर, म्हणजे स्थूलता, मधुमेह, रक्तदाब इत्यादींवर भर आहे.

ह्या रोगाच्या पायऱ्या समजून घेऊं. पहिल्या पायरीवर नुसती चरबी असते. दुसरीवर चरबीबरोबर दाह सुरू होतो. पेशी फुगतात, कांहीं मरतात, आणि शरीराच्या रक्षक पेशी तेथें गोळा होतात. तिसऱ्या पायरीवर, जखम भरून आल्यावर कातडीवर जसा वण राहतो, तसे वणाचे चिवट तंतु यकृतांत पसरूं लागतात. हे तंतु सर्वत्र पसरून यकृत गांठाळ व कठीण झालें, म्हणजे त्या चौथ्या अवस्थेस सिऱ्हॉसिस म्हणतात. आणि शेवटची पायरी कर्करोगाची. पण हा जिना सरळ नाहीं. बहुतेक माणसें पहिल्या पायरीवरच आयुष्य काढतात. कांहीं एखादी पायरी चढून पुन्हां खालीं उतरतात. आणि कांहीं जणांत सिऱ्हॉसिसची पायरी गांठण्याआधींच कर्करोग उद्भवतो.

जगांतील प्रौढ माणसांपैकीं पाव ते तृतीयांश लोकांच्या यकृतांत अशी जादा चरबी आहे. २०२२ सालीं यकृताच्या कर्करोगानें जगभर साडेसात लाखांहून अधिक माणसें दगावलीं. त्यांत काविळीच्या ब आणि क विषाणूंचा वांटा अद्याप मोठा आहे. परंतु लस आणि नवीं औषधें ह्यांच्या योगानें तो वांटा अनेक देशांत आटोक्यांत येत असतांना, चरबीयुक्त यकृतांतून येणारा वांटा वाढतो आहे. आपल्या केंद्र सरकारनेंही २०२१ सालीं ह्या विकाराचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमांत केला. तेव्हां प्रश्न उभा राहतो तो असा: एवढ्या मोठ्या समुदायापैकीं नेमक्या कोणाच्या यकृतांत, केव्हां आणि कशामुळें, साध्या चरबीची परिणति कर्करोगांत होते?

प्रश्न थोडक्यांत मांडतां येतो. उत्तर मिळविणें मात्र कठीण आहे. माणसांत हा प्रवास कित्येक वर्षें, बहुधा कित्येक दशकें चालतो. सुईनें यकृताचा तुकडा काढून तपासतां येतो, पण तो तुकडा सबंध यकृताच्या सुमारें पन्नास हजाराव्या भागाएवढा असतो, आणि त्यांत त्या एका दिवसाची स्थिति काय ती दिसते. एका घाटावर क्षणभर उभें राहून नदीच्या उगमापासून मुखापर्यंतची हकीगत सांगावी, तसा हा प्रकार आहे. शिवाय माणूस काय खातो, किती हिंडतो, किती झोपतो, हें वर्षानुवर्षें कोणाला ताब्यांत ठेवतां येणार? आणि रोग कसा वाढतो हें पाहण्यासाठीं एखाद्याला मुद्दाम रोगी करणें तर अधर्मच होय. म्हणून संशोधक उंदराकडे वळले.

हा उंदीर म्हणजे आपल्या माळ्यावर खुडबूड करणारा नव्हे, जरी जात तीच असली तरी. प्रयोगशाळेंतील उंदराचें वजन वीस ते तीस ग्रॅम, त्याचें यकृत एक-दीड ग्रॅमचें. तीन आठवड्यांत मादी वितें आणि दोन-तीन वर्षांत उंदराचें आयुष्य संपतें. माणसाच्या आयुष्यांत पिढी जाते तेवढा रोगाचा प्रवास येथें एका वर्षांत पाहतां येतो. यकृताच्या संशोधनांत सर्वांत अधिक वापरला जाणारा काळा उंदीर 'सी-५७ ब्लॅक-६' ह्या नांवानें ओळखला जातो. त्याच्या वंशाचा उगम मोठा मनोरंजक आहे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांत ग्रॅन्बी नांवाच्या गांवीं ॲबी लॅथ्रोप नांवाच्या बाई राहत. त्या मूळच्या शाळाशिक्षिका. प्रकृतीच्या कारणानें शिकविणें सोडल्यावर त्यांनीं हौशी लोकांसाठीं उंदीर पाळण्याचा धंदा आरंभिला, आणि हळूहळू विद्यापीठांतील शास्त्रज्ञ त्यांचीं गिऱ्हाइकें झालीं. त्यांच्याकडील उंदरांपासून क्लॅरेन्स कुक लिटल ह्यांनीं १९२१ सालीं हा वंश सुरू केला. पुढें १९२९ मध्यें लिटल ह्यांनीं मेन प्रांतांत बार हार्बर येथें जॅक्सन प्रयोगशाळा स्थापिली. ती अजून जगाला उंदीर पुरविते.

ह्या वंशांतील उंदीर पिढ्यान्‌पिढ्या सख्ख्या भावंडांच्या संकरानें वाढविलेले असतात. वीस पिढ्या असें केलें म्हणजे त्या कुळांतील सर्व उंदीर जुळ्या भावंडांसारखे एकसारखे होतात. ह्याचा उपयोग उघड आहे. दोन गटांना निरनिराळें खाद्य दिलें आणि एका गटाला रोग झाला, तर तो फरक खाद्याचा, रक्ताचा नव्हे, असें म्हणतां येतें. २००२ सालीं ह्याच उंदराच्या जनुकांचा आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हां दिसून आलें कीं त्याच्या शंभर जनुकांपैकीं जवळजवळ सर्वांना मानवी जनुकांत कोणी ना कोणी आप्त आहे. पण आप्त असणें म्हणजे एकरूप असणें नव्हे, हें येथेंच ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें कारण पडणार आहे.

रोगाचा अभ्यास करण्यासाठीं मुद्दाम रोगी केलेल्या अशा उंदरास शास्त्रांत 'मॉडेल' म्हणतात. आपण त्याला नमुना म्हणूं. नमुना विश्वासार्ह आहे कीं नाहीं हें ठरवितांना किती जपावें लागतें, ह्याचा एक जुना धडा सांगण्यासारखा आहे. इन्शुलिनच्या शोधांतील एक भागीदार चार्ल्स बेस्ट ह्यांनीं टोरोंटो येथें १९३२ सालीं असें दाखविलें कीं, चरबीनें फुगलेलें उंदरांचें यकृत लेसिथिन नांवाच्या द्रव्यानें सुधारतें. त्या द्रव्यांतील कोलीन हा अंश खरा गुणकारी, हें पाठोपाठ समजलें. हें कोलीन अंड्याच्या बलकांत, सोयाबीनमध्यें वगैरे असतें. यकृत आपल्याकडील चरबी लहान लहान गोळ्यांत बांधून रक्तावाटे बाहेर पाठवितें, आणि त्या गोळ्यांचें वेष्टन बनविण्यास कोलीन लागतें. कोलीन नसेल तर वखारींत माल पडून आहे, पण भरावयास बारदान नाहीं, अशी यकृताची गत होते आणि चरबी सांचत जाते.

१९४६ सालीं अमेरिकेंतील अलाबामा प्रांतांत कोपलंड आणि सामन ह्या दोघां संशोधकांनीं 'रॅट' म्हणजे मोठ्या जातीच्या उंदरांना दीर्घकाळ कोलीन कमी असलेलें खाद्य दिलें, तेव्हां त्यांच्या यकृतांत कर्करोगाच्या गांठी झाल्या. नुसत्या आहारांतील उणिवेनें कर्करोग! शोध मोठा होता. परंतु १९६० सालीं इंग्लंडांत लाखभर टर्की पक्षी एकाएकीं मेले, आणि शोध घेतां कळून आलें कीं त्यांना चारलेल्या भुईमुगाच्या पेंडीवर बुरशी वाढून अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष तयार झालें होतें. हें विष यकृताच्या कर्करोगाचें एक जबर कारण आहे. आतां अलाबामाच्या उंदरांच्या खाद्यांतही भुईमुगाची पेंड होती! मग त्यांना कर्करोग झाला तो कोलीनच्या अभावामुळें कीं बुरशीच्या विषामुळें? ह्या संशयानें तो शोध वर्षानुवर्षें अधांतरीं राहिला. शेवटीं १९८४ सालीं टोरोंटोच्या घोषाल आणि फार्बर ह्यांनीं बाहेरचें कर्करोगकारक द्रव्य शिरणार नाहीं अशा बेतानें खाद्य तयार करून तो प्रयोग पुन्हां केला, आणि कोलीन व मेथिओनीन ह्यांच्या उणिवेनेंही कर्करोग होतो असें दाखविलें. एका प्रयोगाचा निकाल पक्का होण्यास अडतीस वर्षें लागलीं. उंदीर खोटें बोलत नाहीं; पण आपण त्याला काय विचारलें, हें आपणांस नीट ठाऊक असावें लागतें.

आज चरबीयुक्त यकृताचे नमुने करण्याच्या मुख्य तीन तऱ्हा आहेत: आहार, औषध आणि जनुक. आहाराची तऱ्हा सर्वांत सोपी. मेथिओनीन आणि कोलीन हीं दोन्ही वगळलेलें खाद्य दिलें, कीं कांहीं आठवड्यांत यकृतांत चरबी व दाह दिसूं लागतो. परंतु हे उंदीर झपाट्यानें वाळतात. माणसांत हा रोग बहुधा लठ्ठपणाबरोबर येतो आणि येथें तर रोगी हाडाचा सांपळा. नमुना अर्ध्यावरच फसला. उलट, ज्यांत उष्मांकांचा साठ टक्के वांटा चरबीचा आहे असें खाद्य दिलें, तर उंदीर माणसासारखाच लठ्ठ होतो, त्याला मधुमेहाची पूर्वावस्था येते. पण वणाचे तंतु फारसे वाढत नाहींत, आणि कर्करोगाची वाट पाहतां पाहतां वर्ष-दीड वर्ष उलटतें.

तेव्हां दोन तऱ्हांची सांगड घालण्यांत आली. २०१३ सालीं जपानी संशोधकांनीं पुढें मांडलेल्या एका नमुन्यांत उंदराच्या पिलाला जन्मानंतर दोन दिवसांनीं स्ट्रेप्टोझोटोसिन हें औषध टोंचतात. त्यानें इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशींना इजा पोंचते. चौथ्या आठवड्यापासून चरबीयुक्त खाद्य सुरू होतें. आठव्या आठवड्यांत दाह, बाराव्यांत तंतु आणि विसाव्यांत कर्करोग, असा जणू वेळापत्रकाप्रमाणें प्रवास घडतो. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्कच्या नमुन्यांत चरबी, कोलेस्टेरॉल व साखर असलेल्या आहाराबरोबर कार्बन टेट्राक्लोराइड ह्या विषाची अल्प मात्रा दर आठवड्यास देतात. बारा आठवड्यांत तंतूंचें दाट जाळें आणि चोवीस आठवड्यांत कर्करोग होतो. हे दोन्ही नमुने जलद खरे, परंतु माणूस कांहीं जन्मतःच असें औषध टोंचून घेत नाहीं, कीं दर आठवड्यास विष पीत नाहीं. २०१६ सालीं व्हर्जिनियांत तयार झालेला नमुना ह्या दृष्टीनें अधिक नैसर्गिक आहे. दोन वंशांच्या संकरांतून झालेल्या ह्या उंदरांना फक्त चरबीयुक्त खाद्य आणि साखरेचें पाणी मिळतें. ते लठ्ठ होतात, मग क्रमाक्रमानें सर्व पायऱ्या चढतात, आणि बत्तीस ते बावन्न आठवड्यांच्या दरम्यान त्यांतील बहुतेकांना यकृताचा कर्करोग होतो. साखरेच्या पाण्याची ही गोष्ट घराघरांतील थंड पेयांच्या बाटल्यांना लागू करण्याची घाई करूं नये; पण ती अगदींच विसरूंही नये.

ह्या नमुन्यांनीं शिकविलें काय? पहिली गोष्ट अशी कीं, कर्करोगाचें बीज नुसत्या चरबीच्या थेंबांत नसून चरबीनें घडवून आणलेल्या मोडतोडींत आहे. पेशींत प्रथिनें घडविण्याचा जो कारखाना असतो, त्याच्यावर आधींच ताण असलेले उंदीर कॅलिफोर्नियांतील सॅन डिएगो येथील संशोधकांनीं २०१४ सालीं चरबीयुक्त आहारावर ठेविले. तेव्हां त्यांना दाहयुक्त रोग आणि पुढें कर्करोग झाला. पेशी मरते, तिची जागा भरून काढण्यास शेजारची पेशी दुभंगते, पुन्हां मरण, पुन्हां जनन. वहीचीं पानें घाईघाईनें पुन्हां पुन्हां उतरून काढणाऱ्या मुलाच्या हातून जशा चुका वाढत जातात, तशाच दर दुभंगण्याबरोबर जनुकांतील चुका वाढतात, आणि त्यांतील एखादी चूक पेशीला बेबंद करते.

दुसरी गोष्ट दाहाची. त्याच सॅन डिएगोच्या संशोधकांनीं २०१० सालीं दाखविलें कीं, कर्करोगकारक द्रव्य दिलेल्या उंदरांत लठ्ठपणामुळें गांठी वाढतात, आणि त्या वाढीस दाहाचे दोन रासायनिक निरोपे कारणीभूत असतात. ते निरोपे बंद केले तर लठ्ठपणाचा तो प्रभाव पुष्कळसा ओसरतो. तिसरी गोष्ट आंतड्यांची. २०१३ सालीं जपानांत असें आढळलें कीं, लठ्ठ उंदरांच्या आंतड्यांतील जंतु पित्तापासून एक घातक आम्ल अधिक प्रमाणांत बनवितात; तें रक्तावाटे यकृतांत पोंचून तेथील कांहीं पेशींना अकालीं म्हातारें करतें, आणि ह्या म्हाताऱ्या पेशी आजूबाजूस दाह माजवून गांठींना पोषक भूमि तयार करतात. जंतुनाशक औषध देतांच गांठी कमी झाल्या. येथेंही उंदरांना लहानपणीं कर्करोगकारक द्रव्य दिलेलें होतें, हें सांगितलें पाहिजे. म्हणजे 'कर्करोग सुरू कसा होतो' ह्याचें उत्तर ह्या दोन प्रयोगांत नाहीं; 'सुरू झालेला कर्करोग लठ्ठ शरीरांत का फोफावतो' ह्याचें उत्तर आहे. प्रश्न बदलला कीं नमुनाही बदलावा लागतो.

आतां जो शोध सांगणार आहें, त्यांत खऱ्याखुऱ्या रुग्णांच्या जिवाचा संबंध आहे. आपल्या रक्तांत 'टी' पेशी नांवाचे शिपाई असतात. विषाणूनें ग्रासलेली किंवा कर्करोगानें बिघडलेली पेशी ओळखून मारणें हें त्यांतील एका पथकाचें काम. २०१४ सालीं म्युनिक येथील संशोधकांनीं उंदरांना कोलीनविरहित पण चरबीयुक्त असें खाद्य वर्षभर दिलें. उंदीर लठ्ठ झाले, यकृतांत दाह झाला, आणि सुमारें पाव उंदरांना कर्करोग झाला. कोणतेंही कर्करोगकारक द्रव्य न देतां. पाहतात तों त्या यकृतांत ह्याच शिपायांची गर्दी झालेली! ज्या उंदरांत जनुकांच्या बदलामुळें हे शिपाई नव्हते, ते रोगापासून बचावले. म्हणजे रक्षणासाठीं ठेवलेलें पथकच यकृताची नासधूस करूं लागलें होतें.

ह्याच सुमारास मनुष्यांत कर्करोगावर एक नवी उपचारपद्धति आली. टी पेशींवर 'पीडी-१' नांवाचा एक लगाम असतो. जपानच्या तासुकु होंजो ह्यांच्या प्रयोगशाळेंत १९९२ सालीं त्याचा शोध लागला, आणि अशा लगामांवरील संशोधनाबद्दल होंजो व अमेरिकेचे जेम्स ॲलिसन ह्यांना २०१८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. औषधानें हा लगाम सोडला, म्हणजे टी पेशी कर्करोगावर तुटून पडतात. यकृताच्या कर्करोगावरही हीं औषधें देण्यांत येऊं लागलीं. परंतु ज्या यकृतांत ह्या शिपायांनींच आधीं धुमाकूळ घातला आहे, तेथें त्यांचा लगाम सोडल्यास काय होईल?

२०२१ सालीं हायडेलबर्ग येथील संशोधकांनीं व त्यांच्या अनेक देशांतील सहकाऱ्यांनीं हा प्रश्न उंदराला विचारला. चरबी व दाह असलेल्या यकृताच्या उंदरांना लगाम सोडणारें औषध दिलें, तेव्हां गांठी विरघळल्या नाहींत. जेथें अजून कर्करोग नव्हता अशा उंदरांत तर तो अधिक प्रमाणांत उद्भवला. टी पेशींचें तें पथक आधींच काढून टाकलें, तेव्हां कर्करोग कमी झाला. नंतर त्यांनीं पूर्वीं झालेल्या तीन मोठ्या मानवी चाचण्यांचे, सोळाशेंहून अधिक रुग्णांचे, आंकडे एकत्र करून पाहिले. ज्यांच्या कर्करोगाचें मूळ काविळीच्या विषाणूंत होतें, त्यांना ह्या औषधांचा लाभ झालेला दिसला. ज्यांच्या कर्करोगाचें मूळ विषाणूंत नव्हतें, त्यांच्या गटांत तसा लाभ दिसला नाहीं.

ह्यावरून अशा रुग्णांना हीं औषधें देऊंच नयेत, असा निष्कर्ष मात्र काढतां येत नाहीं. विषाणू नसलेल्या गटांत नाना कारणांचे रुग्ण एकत्र असतात. शिवाय २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या आणखी एका मोठ्या चाचणींत दोन वेगळे लगाम एकदम सोडणाऱ्या औषधांनीं ह्या गटासही लाभ झाल्याचें दिसलें. कोणास काय द्यावें हें तज्ज्ञ डॉक्टरांनींच ठरवावयाचें. परंतु उंदराच्या यकृतानें एक गोष्ट वेळींच बजावली: यकृताचा कर्करोग हें एक नांव असलें तरी ती एकच व्याधि नव्हे, आणि कर्करोग ज्या भूमींत उगवला तिचा विचार केल्यावांचून औषधाचा विचार पुरा होत नाहीं. अशी सूचना रुग्णांवर चुकीचे प्रयोग होऊन मिळण्यापेक्षां उंदरांपासून मिळणें केव्हांही बरें.

असें असलें तरी उंदराच्या साक्षीलाही मर्यादा आहेत. उंदीर आहारानें कितीही रोगी केला तरी माणसासारखें पुरतें सिऱ्हॉसिस त्याच्या यकृतांत क्वचितच होतें. निरनिराळ्या वंशांची प्रवृत्ति वेगळी. एका वंशांत गांठी पटकन् होतात, दुसऱ्यांत होतां होत नाहींत. नर उंदरांत यकृताचा कर्करोग मादीपेक्षां पुष्कळ अधिक होतो. माणसांतही पुरुषांत तो अधिक होतो हें खरें, पण केवळ नरांवर प्रयोग करून निघालेले निष्कर्ष स्त्रियांना जसेच्या तसे कसे लावावे? ह्या बाबतींत एक साधी गोष्ट डोळे उघडणारी ठरली. प्रयोगशाळांतून तपमान बहुधा बावीस अंशांच्या आसपास ठेवतात; अंगांत कोट घातलेल्या शास्त्रज्ञाला तें सुखाचें असतें. उंदराला सुखाचें तपमान सुमारें तीस अंश. बावीस अंशांवर तो बिचारा सतत थंडीशीं झगडत असतो, आणि ऊब राखण्यासाठीं आपली चरबी जाळीत असतो. २०१७ सालीं सिनसिनाटीच्या संशोधकांनीं उंदरांना उबेंत ठेवून तोच चरबीयुक्त आहार दिला, तेव्हां यकृताचा रोग अधिक तीव्र झाला, आणि तो मादींतही दिसूं लागला. इतकीं वर्षें खोलीच्या गारव्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नव्हतें!

म्हणून आतां नमुन्यांचीच परीक्षा घेण्याची प्रथा पडत आहे. २०२४ सालीं युरोपांतील संशोधकांनीं आहारावर आधारलेले एकोणचाळीस निरनिराळे नमुने घेऊन, त्यांतील कोणता माणसाच्या रोगाच्या किती जवळ जातो, ह्याची क्रमवारी लावली. शाळेंत ज्याप्रमाणें एकच मुलगा गणितांत पहिला आणि भाषेंत शेवटचा असूं शकतो, त्याप्रमाणेंच ह्या परीक्षेचा निकाल लागतो. एक नमुना चयापचयांत माणसाशीं जुळतो, दुसरा तंतूंच्या वाढींत. सर्व विषयांत पैकींच्या पैकीं गुण मिळविणारा उंदीर अद्याप जन्मलेला नाहीं. ज्याला दाहाचा अभ्यास करावयाचा त्यानें एक निवडावा, ज्याला औषधाची परीक्षा करावयाची त्यानें दुसरा. आणि कोणताही महत्त्वाचा निष्कर्ष एकाहून अधिक नमुन्यांत व शेवटीं माणसाच्या यकृताच्या तुकड्यांत ताडून पाहावा, हाच शहाणपणाचा मार्ग.

येथें एक प्रश्न सुजाण श्रोत्यांच्या मनांत आल्यावांचून राहणार नाहीं. ह्या मुक्या जीवांना मुद्दाम रोगी करण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? हा प्रश्न टाळणें बरें नव्हे. १९५९ सालीं इंग्लंडांतील रसेल आणि बर्च ह्या दोघांनीं प्राणिप्रयोगांसाठीं तीन नियम मांडले, ते आज जगभर प्रमाण मानले जातात. जेथें प्राण्यावांचून भागेल तेथें प्राणी वापरूं नये; वापरणें भाग असेल तर कमीत कमी वापरावे; आणि त्यांना कमीत कमी क्लेश होतील अशी व्यवस्था करावी. मानवी पेशींपासून कांचपात्रांत यकृताच्या लहानशा गोळ्या आतां वाढवितां येतात, आणि कांहीं कामें त्यांवर होतात. परंतु त्या गोळीला आंतडें नाहीं, रक्तप्रवाह नाहीं, लठ्ठपणा नाहीं. आणि हा रोग तर सबंध शरीराचा. म्हणून उंदराची गरज आज तरी पुरती संपलेली नाहीं. जो प्रयोग नीट आंखलेला नाहीं, ज्याच्यांतून कांहीं निश्चित कळणार नाहीं, त्यासाठीं घेतलेला उंदराचा जीव हा व्यर्थ घेतलेला जीव होय. म्हणूनच नमुन्याची निवड ही नुसती तांत्रिक बाब नसून नीतीचीही आहे.

शेवटीं, ज्यांच्या घरीं तो अहवाल येऊन पडला आहे त्यांनीं ह्यांतून काय घ्यावें? घाबरून जाऊं नये, आणि अहवाल कपाटांत टाकून विसरूंही नये. चरबीपासून कर्करोगापर्यंतची वाट लांब आहे आणि बहुतेक जण ती चालत नाहींत. पण ती वाट आहे, आणि तिच्यावर चालतांना यकृत आपल्याला हांक मारीत नाहीं. वाटेवरून मागें फिरतां येतें, हें तर माणसांतच दिसून आलें आहे. २०१५ सालीं क्यूबा देशांतील एका अभ्यासांत चरबी व दाह असलेल्या रुग्णांना वर्षभर आहार आणि व्यायाम ह्यांचा सल्ला देऊन नंतर यकृताचे तुकडे पुन्हां तपासले. ज्यांनीं आपलें वजन शेंकडा दहा किंवा अधिक घटविलें, त्यांच्यापैकीं नव्वद टक्क्यांचा तो दाहयुक्त रोग नाहींसा झाला होता, आणि सुमारें पंचेचाळीस टक्क्यांचे वणाचे तंतुही ओसरले होते. २०२४ सालीं अमेरिकेंत ह्या रोगावरील पहिल्या औषधास, रेसमेटिरोम ह्यास, मान्यता मिळाली, आणि पुढील वर्षीं सेमाग्लुटाइड हें दुसरें औषध त्यांत आलें. औषधें कोणास योग्य हें वैद्य सांगतील. परंतु आपलें यकृत कोणत्या पायरीवर आहे, तंतु वाढूं लागले आहेत कीं काय, हें वैद्यांकडे जाऊन विचारणें, आणि मधुमेह असल्यास तर अवश्य विचारणें, एवढें प्रत्येकाच्या हातांत आहे. प्रयोगशाळेंतील उंदराला आपलें खाद्य निवडण्याची मोकळीक नसते. आपणांस ती आहे.